कुंपण कोणाचे, शेत कोणाचे?

(कल्याण-भिवंडी रस्त्यावरील एका गावी शेतकरी, विणकर व कामगार मंडळींपुढे झालेले भाषण)



आजचा विषय जकात हा आहे असे ऐकून पुष्कळांच्या कपाळास आठी पडली असेल. जकात हा व्यापाऱ्यांचा, वकिलांचा आणि दिल्लीतल्या साहेबांचा विषय. आपण भात लावणारी, माग चालविणारी, लोकलला लोंबकळून कामावर जाणारी माणसे. आपल्याला त्याच्याशी काय करावयाचे, असे मनात येणे साहजिक आहे. पण कर लागतो वर आणि ओझे उतरते खाली, हा जगाचा जुना रिवाज आहे. ज्याला हिशेब कळत नाही त्याच्याच पाठीवर ते ओझे शेवटी येऊन बसते. म्हणून आज मी आपणांपुढे हिशेब मांडणार आहे. तो आवडला नाही तर टाकून द्या, पण एकदा ऐकून घ्या.

जकात आपल्या मुलखाला नवी नाही. कल्याण हे फार जुने बंदर. येथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवर घालून मुरबाडवरून नाणेघाट चढत असे व जुन्नरच्या पेठेत जात असे. त्या घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आजही आहे. सातवाहनांच्या काळी वाटसरू व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकीत, असे परंपरेने सांगतात. पुढची जकात तर आपण डोळ्यांनी पाहिली आहे. मुलुंडच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागे, ड्रायव्हर खाली उतरून बिड्या ओढीत बसत आणि गाडीतला भाजीपाला सुकत असे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची ती जकात गेली. पण मी ज्या जकातीविषयी बोलणार आहे ती गावाच्या वेशीवरची नव्हे, देशाच्या वेशीवरची आहे. परदेशी माल बंदरात उतरतो तेव्हा त्यावर बसते ती.

ह्या जकातीच्या दोन जाती आहेत. एक सरकारची तिजोरी भरणारी आणि दुसरी कुंपण घालणारी. पहिली समजावयास सोपी आहे. दुसरीत मेख आहे, म्हणून तिचा हिशेब सावकाश पाहू.

समजा, परदेशी लुगडे आपल्या बंदरात १०० रुपयांस पडते. तसेच लुगडे आपल्या देशातल्या गिरणीस १०५ रुपयांखाली विकणे परवडत नाही. गिरणीवाला सरकारकडे जातो व म्हणतो, मी बुडतो, माझे कामगार रस्त्यावर येतात. सरकार परदेशी लुगड्यावर २० रुपये जकात बसविते. परदेशी लुगडे १२० चे झाले. आता गिरणीवाला आपले लुगडे १०५ ला विकील काय? तो ११८ ला विकील. तरीही परदेशी मालापेक्षा ते दोन रुपये स्वस्तच आहे. जी बाई परदेशी लुगडे घेते ती २० रुपये सरकारास देते. जी देशी घेते ती १३ रुपये जादा गिरणीवाल्यास देते. पहिले २० रुपये सरकारच्या अंदाजपत्रकात दिसतात. दुसरे १३ रुपये कोणत्याही वहीत दिसत नाहीत. पण तोही करच आहे. तो बाजारात गोळा होतो आणि खासगी तिजोरीत जातो.

म्हणून अशी जकात वाईटच, असे मात्र मी म्हणत नाही. त्या १३ रुपयांतून नवी यंत्रे आली, कामगाराची मजुरी वाढली, चार वर्षांनी तेच लुगडे ९५ रुपयांत होऊ लागले, तर ते पैसे सार्थकी लागले. रोपाला कुंपण लागतेच, नाहीतर गुरे खाऊन टाकतील. पण झाड वाढून छपरावर गेले तरी कुंपण तसेच, आणि फळे मात्र कुंपणवाल्याच्या घरात, असे झाले तर काय म्हणावे? कुंपणच शेत खाऊ लागले असेच म्हणावे लागेल.

आता आपल्याच कापडाच्या इतिहासात हे कसे घडले ते पाहा.

इंग्रजी अमलात १८८२ साली परदेशी कापडावरील जकात साफ काढून टाकण्यात आली. लँकेशायरच्या गिरण्यांचा माल मोकाट आत आला. पुढे सरकारच्या तिजोरीस खडखडाट लागला, तेव्हा १८९४ साली जकात परत बसवावी लागली. लगेच लँकेशायरने ओरड केली. म्हणून १८९६ साली काय युक्ती काढली ती ऐका. परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात, आणि हिंदुस्थानातल्या गिरणीत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के कर! पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून घरच्या पोराच्या ताटातली भाकरी काढून घेण्याचा हा प्रकार. हा कर १९२५ च्या डिसेंबरात थांबविला गेला आणि १९२६ साली रद्द झाला. म्हणजे तो तीस वर्षे चालला. अन्याय उघड होता, त्याविरुद्ध देशाने आवाज उठविला तो योग्यच होता.

पण ह्याच काळातली दुसरी गोष्ट आपल्याला कोणी फारशी सांगत नाही. ती आपल्या ठाण्याच्या माणसाची आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे १८४८ साली ठाण्यात जन्मले. 'दीनबंधु' पत्र त्यांनी चालविले आणि १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. तेव्हा गिरणीत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, आठवड्याची सुट्टी नाही, बायका-मुलांना दयामाया नाही. कामगारांसाठी कायदा करावा अशी मागणी निघाली, आणि गंमत अशी की लँकेशायरचे गिरणीवालेही विलायतेत तीच मागणी करू लागले. त्यांना आपल्या कामगाराचा कळवळा नव्हता. मुंबईच्या गिरण्या स्वस्त मजुरीवर चौदा चौदा तास चालतात व आपला माल मागे पाडतात, हे त्यांचे दुखणे होते. त्यांचा हेतू स्वार्थाचाच होता.

इकडचे मोठमोठे पुढारी म्हणाले, हा कायदा म्हणजे परक्यांचा डाव आहे, देशाच्या उद्योगाचा गळा घोटण्यासाठी आहे, त्यास विरोध करा. लोखंड्यांनी तसे केले नाही. लँकेशायरच्या मनात काय आहे ह्यावर ते थांबले नाहीत. आपल्या कामगाराच्या अंगात किती रक्त उरले आहे, हे त्यांनी पाहिले. सभा भरविल्या, अर्जावर हजारो सह्या घेतल्या. १८९० च्या एप्रिलात मुंबईत दहा हजारांच्या आसपास कामगार सभेस जमले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या मंडळीने रविवारची सुट्टी मान्य केली. आज डोंबिवलीचा चाकरमानी रविवारी मटण आणावयास पिशवी घेऊन निघतो, त्या सुट्टीच्या मुळाशी ठाण्याचा हा माणूस आहे.

ह्या गोष्टीतला धडा माझ्या सगळ्या भाषणाचे सार आहे. 'देशी उद्योग' हा शब्द कानी पडला की आपण मान डोलावतो. लोखंड्यांनी विचारले, देशी उद्योगात मी कोठे आहे? मालक देशी आहे हे खरे, पण माझी भूक परदेशी आहे काय?

आता पुढे चला. कर गेला आणि हवे होते ते कुंपण १९३० साली मिळाले. इंग्रजी कापडावर १५ टक्के, इतर देशांच्या कापडावर २० टक्के. जपानचा माल तरीही स्वस्त पडे, म्हणून त्यावरील जकात चढत चढत १९३३ साली ७५ टक्क्यांवर गेली. गिरण्यांना श्वास घेता आला, हजारो कामगारांचे काम टिकले. हा फायदा मी नाकारीत नाही. पण ह्याची किंमत कोणी दिली ते पाहा.

पहिली किंमत हातमागाच्या विणकराने दिली. आयात सुतावर १९२२ पासून ५ टक्के जकात होतीच, ती १९२७ साली वाढवून रतलामागे निदान दीड आणा केली. सूत हे गिरणीचे विक्रीचे, पण विणकराचे तर पोटाचे. गिरणीच्या सुताला कुंपण घातले की विणकराच्या ताण्याबाण्याचा भाव वाढतो. साळी, कोष्टी, मोमीन, पद्मशाली ह्यांना कोणी विचारले? गिरणीमालकांची मंडळी होती, तिचे चिटणीस होते, आकडे होते, इंग्रजीत निवेदने होती. विणकराजवळ फक्त माग होता.

दुसरी किंमत शेतकऱ्याने दिली. जपान हे आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक होते. वऱ्हाड-खानदेशातला कापूस तिकडे जाई. आपण त्यांच्या कापडावर ७५ टक्के जकात बसविताच १९३३ च्या जूनात जपानी गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार पुकारला. आधीच मंदीने कापसाचे भाव मातीत गेले होते, त्यावर हा घाला. शेवटी १९३४ साली करार झाला. जपानने १० लाख गासड्या कापूस घ्यावा, त्याबदली त्याला साडेबत्तीस कोटी वार कापड पाठविता येईल. १५ लाख गासड्या घेतल्यास चाळीस कोटी वार. आणि जकात ५० टक्क्यांवर उतरेल. म्हणजे गिरणीचे कुंपण किती उंच ठेवावयाचे हे ठरविताना कापसाच्या गासड्या तराजूत टाकल्या गेल्या. त्या गासड्या पिकविणारा माणूस मात्र बोलणीच्या खोलीत नव्हता. आणि १९३३ च्याच ऑक्टोबरात मुंबईच्या गिरणीमालकांचे अध्यक्ष होमी मोदी ह्यांनी लँकेशायरच्या शिष्टमंडळाशी करार केला. ज्याच्याविरुद्ध पन्नास वर्षे देशाला हाक दिली, त्याच्याशीच सोय पडली तेव्हा हातमिळवणी झाली. धनवंताला देश नसतो असे मी म्हणत नाही, पण त्याला देश केव्हा आठवतो व केव्हा विसरतो, ह्यावर आपण लक्ष ठेवावे.

कुंपणाने शेतकऱ्याचे भले झाल्याचा दाखलाही द्यावयास हवा, नाहीतर माझे बोलणे एकांगी होईल. १९३२ साली साखरेला संरक्षण मिळाले. जावाची स्वस्त साखर अडली आणि देशात थोड्या वर्षांत साखर कारखाने चौपट झाले. इतर ठिकाणी ह्याचा लाभ भांडवलवाल्यांनी घेतला. पण आपल्याकडे काय झाले? १९३२ सालीच सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सोलापूर जिल्ह्यात माळीनगरास स्वतःचा कारखाना काढला. पुढे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साहाय्याने प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू केला. कुंपण तेच, पण आत मालक म्हणून शेतकरी शिरला, म्हणून बाजारातल्या त्या 'तेरा रुपयां'तला वाटा त्याच्या घरी आला. पुढे सहकारात काय काय शिरले ते आपण जाणताच, तो आजचा विषय नव्हे. एवढेच ध्यानात घ्या की कुंपणाचा गुण कुंपणात नसतो, आत कोणाचा सातबारा आहे त्यात असतो.

स्वराज्यानंतर तर देशाच्या वेशीवर फारच उंच कुंपण घातले गेले. त्याच्या आडोशाने आपला ठाणे जिल्हा कारखान्यांनी भरला. वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवलीची एमआयडीसी, शहाडचे व मोहोन्याचे रेयॉन. कोकणातून, देशावरून, खानदेशातून माणसे आली, चाळी उठल्या, पोरे शिकली. हे त्या कुंपणाचे देणे आहे आणि ते मोठे आहे. १९९१ पासून कुंपण उतरू लागले. तेव्हा सर्वांत चढी जकात ३०० टक्क्यांच्याही वर होती, ती चार-पाच वर्षांत ५० टक्क्यांवर आली. स्वस्त व चांगला माल मिळू लागला, तो आपणही घेतला. पण कितीतरी कारखान्यांचे भोंगे बंद झाले. त्याला कारणे अनेक आहेत; जमिनीचा भाव हेही एक मोठे कारण आहे. मोहोन्याचा एनआरसी कारखाना २००९ साली बंद पडला. ठाण्यात जेथे पाळ्या सुटत तेथे आज टॉवर उभे आहेत. मला सांगा, चाळीस वर्षे कुंपण दिले तेव्हा मालकाला अशी एक तरी अट घातली होती काय, की उद्या कारखाना बंद केलास तर जमीन विकण्याआधी कामगाराची पै न् पै चुकती करशील? तशी अट नव्हती. भिंत कारखान्याला होती, कामगाराला नव्हती.

आता आजच्या गोष्टीवर येतो, कारण येथे समोर भिवंडीचे मागवाले बसले आहेत.

जुन्या काळी सुती सुताचे जे झाले, ते अलीकडे पॉलिस्टर आणि व्हिस्कोजचे झाले. परदेशी कारखानदार मातीमोल भावाने माल ओततो, अशी तक्रार देशातले मोठे कारखानदार करतात. दिल्लीत तिची चौकशी होते, आणि तक्रार खरी ठरल्यास त्या मालावर जादा जकात बसते. तिला अँटी-डंपिंग ड्यूटी म्हणतात, आणि ती सहसा पाच वर्षांसाठी असते. पॉलिस्टर सुताच्या मूळ रसायनावर, पीटीएवर, अशी जकात होती. ती फेब्रुवारी २०२० च्या अंदाजपत्रकात काढली गेली. व्हिस्कोजच्या तंतूवर होती. ती ऑगस्ट २०२१ मध्ये गेली. मग २०२३ साली पॉलिस्टर सुतावर गुणवत्तेचे सरकारी हुकूम आले. नाव गुणवत्तेचे, पण परदेशी माल अडल्याने काम कुंपणाचेच झाले. ते हुकूम नोव्हेंबर २०२५ मध्ये मागे घेतले गेले.

हे कुंपण ज्यांच्यासाठी होते ते कारखानदार बोटांवर मोजता येतात. त्यांचे सूत विकत घेऊन जगणारे माग ह्या एका भिवंडीत लाखांनी आहेत. बहुतेक मागवाला जॉबवर चालतो. व्यापारी सुताचा बीम देतो, मागवाला मीटरमागे मजुरी घेतो, आणि माग चालविणारा कारीगर त्या मजुरीतून आपली मजुरी घेतो. सुताचा भाव चढला की व्यापारी हात आखडतो, बीम येत नाही. माग बंद म्हणजे मीटर नाही, मीटर नाही म्हणजे मजुरी नाही. कारीगर गाडीत बसून गावी जातो. त्याच्या घरच्या बाईला अँटी-डंपिंग हा शब्द आयुष्यात कानी पडलेला नसतो. तिला एवढेच कळते की ह्या महिन्यात पैसे आले नाहीत.

आणि २०२५ साली काय झाले? अमेरिकेने आपल्या मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५, अशी ५० टक्के जकात लावली. कापड, तयार कपडे, हिरे, कोळंबी, सर्वांना धक्का बसला. भिंतीला भिंत उत्तर देते हे जगाने एकदा पाहिलेले आहे. १९३० साली अमेरिकेने अशीच भिंत चढविली, इतर देशांनी आपापल्या भिंती उभारल्या, जगाचा व्यापार आटला आणि मंदी खोल गेली. तेव्हा सर्वांत आधी मेला तो शेतमाल विकणारा.

ह्या वेळी आपल्या सरकारने गिरण्यांना दिलासा म्हणून काय केले? बाहेरून येणाऱ्या कापसावर २०२१ पासून ११ टक्के जकात होती. ती १९ ऑगस्टपासून माफ केली. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. आता पंचांग पाहा. आपला कापूस घरात केव्हा येतो? दसरा-दिवाळीस. म्हणजे ज्या तीन महिन्यांत शेतकऱ्याचा कापूस बाजारात उभा राहतो, त्याच तीन महिन्यांत कुंपण काढले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामास क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झालेला होता. पण हमीभाव कागदावर आणि बाजारभाव अडत्याच्या दुकानात. भिंत बांधली अमेरिकेने, डोके फुटले गिरणीचे आणि पट्टी बांधावयास धोतर फाडले यवतमाळ-जळगावच्या शेतकऱ्याचे! १९३३ आणि २०२५, मध्ये ब्याण्णव वर्षे गेली. राज्य बदलले, तराजू बदलला, पण त्यात टाकावयाची गासडी तीच राहिली.

कल्याण-डोंबिवलीत खानदेशातून आलेली कितीतरी घरे आहेत. ह्या सभेतही आहेत. त्यांचे भाऊ गावी कापूस पिकवितात. आणि त्यांच्या शेजारी सतरंजीवर मागवाले बसले आहेत. आता कोणी म्हणेल, वक्त्याने दोघांना एकत्र बसविले खरे, पण शेतकऱ्याला कापूस महाग हवा आणि मागवाल्याला सूत स्वस्त हवे; ह्यांचे जमणार कसे? प्रश्न खरा आहे, मी तो टाळणार नाही. दोघांचे हित दर वेळी एक असते असे सांगणारा पुढारी खोटे बोलतो. पण हेही पाहा की कापूस शेतकऱ्याच्या घरून निघतो आणि मागावर कापड होतो, ह्या दोहोंच्या मध्ये अडत्या आहे, जिनिंग आहे, सूतगिरणी आहे, व्यापारी आहे. कापूस पडतो तेव्हा सूत तितके पडते काय? सूत चढते तेव्हा कापूस तितका चढतो काय? दोन्ही टोकांचे आपण एकमेकांकडे बोट दाखवितो, आणि मधल्याची वही कोणी उघडीत नाही. शेतकऱ्याला हमीभावाने खात्रीची खरेदी आणि विणकराला रास्त भावाचे सूत, ह्या दोन मागण्या एकाच अर्जावर लिहिता येतात. आधी आपण एकमेकांशी बोलू, मग दिल्लीशी.

आणखी एक कुंपण राहिले. ते आतल्या बाजूस आहे. गिरणीसाठी सरकार कुंपण घालते ते परक्याने आत येऊ नये म्हणून. शेतकऱ्यासाठी घालते ते त्याने बाहेर जाऊ नये म्हणून! १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के जकात बसली, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ ला ती उघडली, पण ४० टक्के ठेवूनच. पुढे २०, आणि १ एप्रिल २०२५ ला ती जकात गेली. कसारा घाट उतरून कल्याणच्या बाजारात येणारा नाशिकचा कांदा असा वीस महिने कोंडला होता. तांदळाचे तेच. साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात २० जुलै २०२३ ला बंद झाली, ती २८ सप्टेंबर २०२४ ला खुली झाली. मुरबाड-शहापूरचा भातवाला कोठे जहाज भरून तांदूळ पाठवितो, असे कोणी म्हणेल. तो पाठवीत नाही, पण व्यापाऱ्याने भाव पाडला तर त्याचे भातही त्याच भावाने जाते.

शहरातल्या गरिबालाही पोट आहे. डोंबिवलीच्या चाळीतल्या बाईने कांदा ऐंशी रुपयांनी घ्यावा असे मी म्हणत नाही. पण तिला स्वस्त कांदा द्यावयाचा तर तो सरकारने आपल्या तिजोरीतून द्यावा. शेतकऱ्याच्या खिशातून दान करून पुण्य स्वतः घ्यावे, हा कोठला न्याय? भाव पडतो तेव्हा त्याला सांगतात, बाजार आहे, सोस. भाव चढतो तेव्हा सांगतात, देश आहे, सोस. सोसण्याचे दोन्ही मंत्र त्याच्याच वाट्यास.

तर मग करावे काय? जकात असावी की नसावी, असे मला विचाराल तर मी सांगेन, तो प्रश्नच चुकीचा आहे. यापुढे कोणतीही जकात बसो किंवा उठो, आपण पाच प्रश्न विचारावयाचे. कोणाला वाचविण्यासाठी? कोणाच्या खिशातून? किती वर्षांसाठी? त्याबदली मजुरांना व ग्राहकांना काय मिळणार? आणि ठरविण्यापूर्वी आम्हांस विचारले होते काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. अँटी-डंपिंगची चौकशी करणारे व्यापार उपाय महासंचालनालय दिल्लीत आहे. चौकशी सुरू होते तेव्हा जाहीर नोटीस निघते, आणि तो माल वापरणाऱ्यांनाही आपले म्हणणे मांडता येते. म्हणजे दार अगदीच बंद नाही. पण नोटीस इंग्रजीत, फॉर्म इंग्रजीत, मागितलेले आकडे वकिलाच्या भाषेत. मोठा कारखानदार दहा वकील उभे करतो. लाख मागांच्या भिवंडीने एक तरी मुलगा त्या कामासाठी शिकवून तयार करावयास नको काय? आपल्या घरांतून आज वाणिज्य शिकलेली, वकिली शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांना नोकरीचे अर्ज लिहावयास लावता, तसे वर्षातून एक निवेदनही लिहावयास लावा. सुताचा भाव, मजुरीचा दर आणि बंद राहिलेले दिवस, एवढी वही प्रत्येक मागवाल्याने ठेवावी. कापूसवाल्याने विकल्या दिवसाचा भाव व पट्टी जपून ठेवावी. ज्याची वही नाही त्याची साक्ष नाही, आणि ज्याची साक्ष नाही त्याच्या वाट्यास फक्त निकाल येतो.

लोखंड्यांजवळ काय होते? पैसा नव्हता, वकील नव्हते, आजच्यासारखे मोबाइल नव्हते. दिवसभर गिरणीत राबलेल्या, अक्षरशत्रू माणसांचे अंगठे त्यांनी अर्जावर गोळा केले, आणि सरकारास व मालकास दोघांस विचार करावयास लावले. आपल्याजवळ त्यांच्यापेक्षा पुष्कळ आहे. उणीव आहे ती एका सतरंजीवर बसण्याची. आज आपण बसलो आहोत. उठताना शेजाऱ्याचे नाव व गाव विचारून घ्या, म्हणजे पुढच्या अर्जावर सह्या मागावयास कोणाच्या दारी जावयाचे हे माहीत होईल.